निल्दाबाईंची कोंबडी

साथीच्या पहिल्या महिन्यात आमच्या वस्तीत जी सर्वांत मोठी गर्दी जमली ती मी जमवली, आणि तीही गर्दी करू नका हे सांगण्याच्या नादात.

झालं असं, की कॉलेज बंद झालं, पोरं आपापल्या घरी गेली, आणि पेरूच्या जंगलातल्या आमच्या इकितोस शहरातलं इंटरनेट म्हणजे ओल्या लाकडांची चूल. धूर भरपूर, जाळ नाही. मग आरोग्याच्या सूचना पोरांपर्यंत पोचवायच्या कशा? मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे जिला वायर आहे अशी कुठलीही वस्तू अडली की ती माझ्या गळ्यात पडते. ठरलं असं, की कॉलेजच्या नर्सबाईंनी, म्हणजे निल्दा आहुआनारी यांनी, सूचना बोलायच्या, मी त्या पेनड्राइव्हवर भरायच्या, आणि सेगुंदो तानान्ताने आपल्या रिक्षावर कर्णा बांधून त्या गल्लोगल्ली वाजवत हिंडायचं. सेगुंदोची पोरगी रोसमेरी आमच्याकडेच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, म्हणून त्याने पेट्रोलच्या पैशांत काम पत्करलं.

पेनड्राइव्ह माझा. त्यावर आमच्या फुटबॉल क्लबच्या पोयादाची, म्हणजे पैसे जमवायच्या जेवणाची, जाहिरात होती. ती पुसली अशी माझी समजूत होती. ती पुसली गेली नव्हती, बाईंच्या सूचनेला मागून चिकटली होती. सकाळभर सेगुंदो वस्तीत हिंडला आणि कर्ण्यातून निल्दाबाईंचा कोरडा आवाज आला, "विद्यार्थ्यांनो, ताप-खोकला असेल तर घरात थांबा. हात साबणाने धुवा. अडचण असेल त्यांनी कॉलेजच्या फाटकाशी यावं." आणि श्वासही न घेता पुढे माझा आनंदी आवाज, "गरमागरम कुरकुरीत कोंबडी! सोबत केळी आणि कोकोनाची झणझणीत चटणी! अख्खं घर घेऊन या, जागा भरपूर आहे!"

सेगुंदो इंजिनाच्या आवाजाने जवळजवळ बहिरा झालेला. त्याने वस्तीला दोन फेऱ्या मारल्या.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा शंभरावर माणूस जमला होता. हातात पातेली, डबे, परड्या. एकाने बाळाला अंघोळ घालायचा टब आणला होता, आशावादी माणूस. मास्क सगळ्यांना होते, पण हनुवटीला. निल्दाबाई दवाखान्याच्या खोलीतून दांड्याचा झाडू घेऊन बाहेर आल्या.

"भांडी आणलीत, तोंडं झाकायची राहिली," त्या म्हणाल्या.

"बाई, कोंबडी कुठाय?" मागून कुणीतरी.

"झाडावर. मागे सरका."

झाडूच्या दांड्याने त्यांनी मातीत रेघा ओढल्या आणि एकेका रेघेवर एकेक माणूस उभा केला. मग खोलीतून साबणाच्या वड्या आणल्या, सुरीने त्यांचे तुकडे केले आणि प्रत्येकाच्या भांड्यात एकेक टाकला. समोरच्या गल्लीतली एतेल्विनाआजी तुकडा उलटासुलटा करून बघत म्हणाली, "हा तळायचा की उकडायचा गं बाई?"

"चोळायचा."

सगळे पांगल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मी बरंच काही बोलायची तयारी केली होती.

"आवाज छान आलाय तुमचा, मास्तर," एवढं बोलून त्या आत गेल्या.

निल्दाबाई अशाच. मी कॉलेजात लागलो तेव्हा त्या होत्या, माझ्या आधीचे लागले तेव्हाही होत्या. बुटक्या, रुंद, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली, पांढऱ्या कोटाचं खालचं बटण आयुष्यात कधी लागलं नाही. पोरं त्यांना फार घाबरत आणि दिवसातून एकदा तरी त्यांच्या खोलीत जात. कारण कुठलाही रोगी आला की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का?" डोकं दुखो, चक्कर येवो, परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येवो, प्रश्न तोच. औषधाच्या कपाटाचा एक कप्पा औषधांचा आणि बाकीचे उकडलेल्या हिरव्या केळ्यांचे. एकदा एक पोरगा छातीवर हात ठेवून आला. बाईंनी नळी लावून ऐकलं.

"जेवलास का?"

"भूक नाही, बाई."

"प्रेमात पडलायस?"

"हो."

"मग दोन खा."

तातडीची आर्थिक मदत हा शब्द सरकारी कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून ती मदत आमच्या कॉलेजात सालासकट मिळत होती.

आणि त्या पोयादाची तिकिटं घ्यायच्या. आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन निघालं, छप्पर उडालं, तुरुंगातून कुणाला सोडवायचं झालं, की घरची माणसं पोयादा ठेवतात. आधी दारोदार तिकिटं खपवायची, मग एका रविवारी अंगणात कोंबड्या तळायच्या, गाणी लावायची, बियर उघडायची. तिकिटाला नाही कुणी म्हणत नाही. आज मी तुझं घेतलं, उद्या माझ्यावर वेळ आली की तू माझं घ्यायचं. बँकेपेक्षा हा व्यवहार पक्का, कारण बँकेच्या मॅनेजरला तुम्ही रोज पाण्याच्या नळावर भेटत नाही. निल्दाबाई आख्ख्या वस्तीची तिकिटं घ्यायच्या आणि एकाही पोयादाला जायच्या नाहीत. "मला कोंबडी पचत नाही," म्हणायच्या आणि तिकीट एखाद्या वाळक्या पोराच्या हातात कोंबायच्या. स्वतः त्यांनी कधी पोयादा ठेवली नाही. एकटं माणूस, मागणार कुणासाठी?

एप्रिल संपता संपता कॉलेजला वरून पैसे आले. अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी तातडीची मदत. समिती नेमली गेली, संचालक अर्केलाओसाहेब, निल्दाबाई आणि मी. साहेब घरून फोनवर असायचे आणि त्यांच्यामागे एक कोंबडा सतत आरवायचा, त्यामुळे आमच्या समितीचा कारभार नेहमी पहाटे चालल्यासारखा वाटे.

"पद्धत सोपी आहे," साहेब म्हणाले. "विद्यार्थ्याने खर्च करायचा, शिक्क्याचं बिल आणायचं, नर्सबाईंनी गरज खरी असल्याचा आपला शिक्का मारायचा, की लगेच पैसे."

"खर्च करायला पैसे कुठले?" निल्दाबाई.

"ते त्याने बघायचं. आपण भरपाई देणार."

"बुडणाऱ्याला आधी पोहून काठावर यायला सांगा, मग दोरी टाकू."

"बाई, नियम मी नाही केला. वरून आलाय."

"तो कोंबडा विकता का?"

साहेबांना वाटलं फोनमध्ये खरखर झाली. त्यांनी बैठक संपवली.

त्याच आठवड्यात रोसमेरीचा फोन आला. सेगुंदोला ताप होता. तो सूचना वाजवत फिरायचा आणि उरलेल्या वेळात मोठ्या इस्पितळाच्या दारावरून आजाऱ्यांची ने-आण करायचा. दुसरी भाडी राहिलीच कुठे होती? आता त्याला दम लागत होता. इस्पितळात माणसं व्हरांड्यात खुर्च्यांवर बसून मरत होती, त्यामुळे तो जायला तयार नव्हता. "खुर्चीच पाहिजे तर घरात आहे," म्हणत होता.

फोन स्पीकरवर होता. निल्दाबाईंनी विचारलं, "श्वास मोजलेस?"

"मोजले, बाई." रोसमेरीने आकडा सांगितला. बाईंनी चष्मा काढला आणि परत घातला.

"पालथा झोपव. उशी छातीखाली. पाणी पाज. त्याच्या खोलीत तुझ्याशिवाय कुणी नाही आणि तूही घराबाहेर नाही."

"आणि प्राणवायू?"

"बघते."

"बाई, मी वर्गात शिकलेय हे सगळं. मला माहितेय पुढे काय होतं."

"बघते म्हटलं ना. फोन ठेव आणि खिडकी उघड."

मग आम्ही बघितलं. सिलिंडर शहरात होते, पण जितक्या पैशांत आधी भरलेला सिलिंडर घरपोच यायचा तितक्यात आता विकणारा फोनसुद्धा उचलत नव्हता. एकाने उचलला. रोख, आगाऊ, आणि बिल नाही.

"शिक्क्याचं बिल हवं हो," मी म्हणालो. "कॉलेजची मदत मिळायची आहे."

"शिक्का हवा तर पोस्टात जा, काका," तो म्हणाला.

मी अर्केलाओसाहेबांना फोन लावला. बिलाशिवाय त्यांचा नाइलाज होता. त्यांचा आवाजही खरोखर रडवेला झाला होता. कोंबडा मात्र ठणठणीत होता.

निल्दाबाईंनी फळ्यावर स्वतःच लिहिलेली सूचना वाचली: समारंभ, प्रार्थना, पोयादा, काहीही भरवू नये. मग कोट काढून खुंटीला लावला.

"पोयादा ठेवायची," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्हीच तर…"

"गर्दीवर बंदी आहे, कोंबडीवर नाही. घरपोच द्यायची. रिक्षा क्लोरीनने धुते, तुम्ही चालवा."

"मला रिक्षा येत नाही."

"कॉम्प्युटर तरी कुठे येतो?"

मी हिशेब केला तर आम्हाला काळजी नव्हती. आख्खी वस्ती निल्दाबाईंच्या एका तिकिटाची तरी देणेकरी होती. त्यांना फक्त दारात उभं राहायचं होतं. दुपारी चारला संचारबंदी सुरू व्हायची, त्याआधी एक गल्ली तरी उरकू म्हणून आम्ही निघालो. पहिलं दार एतेल्विनाआजीचं. निल्दाबाई उंबऱ्यापासून चांगल्या लांब उभ्या राहिल्या. हातात तिकिटांचा गठ्ठा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चेहरा थोडा अवघडलेला. मागायची सवय नव्हती.

"सेगुंदोसाठी," त्या म्हणाल्या. "पोयादा."

आजीने त्यांच्याकडे पाहिलं, आत गेली आणि स्वतःचा गठ्ठा घेऊन आली. गुलाबी कागद.

"माझ्या जावयासाठी," ती म्हणाली. "त्यालाही सिलिंडर. तुझी दोन दे, माझी दोन घे."

पुढच्या दाराशी निळे कागद होते. त्याच्या पुढे पिवळे. कोपऱ्यावरच्या सुताराकडे छापायला पैसे नव्हते, त्याने वहीच्या पानांवर बायकोकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतले होते. प्रत्येक घरात कुणीतरी पालथं झोपलेलं, आणि प्रत्येक घरात तिकिटं. नाही कुणीच म्हणालं नाही. एवढा रीतीचा मान मी कधी पाहिला नाही. सगळ्यांनी आमची तिकिटं घेतली आणि बदल्यात आपली दिली. गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा आमची सगळी तिकिटं संपली होती आणि आमच्याकडे तेवढीच तिकिटं होती. रोख पैसे दिले ते दोघा-तिघा बिनआजारी घरांनी, तेही लाजत लाजत, आपल्या घरी कुणी आजारी नाही हा जणू गुन्हाच झाला.

मी पिठल्यासारख्या चिखलात थांबून हसायला लागलो. दुसरं काय करणार?

"आपण श्रीमंत झालो, बाई. रविवारी आठ ठिकाणी जेवायचं आहे."

"हसा," निल्दाबाई म्हणाल्या. "आणि कोंबड्या सांगून या. माझ्या पगारातून."

"पण पैसे तर जमलेच नाहीत. कोंबड्या कशाला?"

"तिकिटं घेतलीत त्यांनी."

रविवारी कॉलेजच्या मागच्या अंगणात आम्ही दोघांनी कोंबड्या तळल्या. बाई मसाला लावत होत्या, मी तेलाशी मारामारी करत होतो. गाणी नाहीत, बियर नाही, माणूस नाही. मी सेगुंदोची रिक्षा घेऊन निघालो. पहिल्याच वळणावर एका कुंपणाची भेट घेतली. तरी डबे पोचवले. दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा, टाळी वाजवायची, मागे सरकायचं, अशी बाईंची शिस्त. येताना त्या घराचा डबा घेऊन यायचा. त्या दिवशी आमच्या वस्तीत तीच कोंबडी या घरातून त्या घरात आणि त्या घरातून या घरात प्रवास करत होती.

दुसरी फेरी मारून आलो तेव्हा बाईंना म्हणालो, "लोकांच्या तक्रारी आहेत. सुतार म्हणतो, मीठ नाही. एतेल्विनाआजी म्हणते, कशालाच चव नाही, नर्सने तळली म्हणून दवाखान्यासारखी. निळ्या कागदवाल्यांना तर वासच येत नाही म्हणे."

मी गंमत म्हणून सांगत होतो. निल्दाबाईंच्या हातातला झारा थांबला.

"कोण कोण म्हणालं?"

मी नावं घेतली. त्या एकेका नावाला मान हलवत गेल्या. मग हात धुतले, कोट घातला, आणि त्या घरांपुढे जाऊन दाराबाहेरूनच ओरडून सांगून आल्या, की ज्यांना चव नाही त्यांनी वेगळ्या खोलीत जावं. ज्यांच्याकडे एकच खोली होती त्यांनी विचारलं, वेगळी खोली म्हणजे कुठली? त्याचं उत्तर सूचनापत्रात नव्हतं. वस्तीतल्या निम्म्या घरांची तपासणी आमच्या कोंबडीने केली आणि तिने जे दाखवलं त्यावर इलाज काहीच नव्हता.

संध्याकाळी आम्ही अंगणात लांब लांब बसलो. बाईंना म्हटलं, आज तरी खा. त्यांनी एक तंगडी घेतली, चटणीत बुडवली. कोकोनाच्या आंबट फळांची ती चटणी मी केली होती आणि तिखटाचा अंदाज चुकला होता. माझ्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निल्दाबाई शांतपणे चावत होत्या. पुन्हा बुडवली, पुन्हा चावली.

"कशी झालीय?" मी विचारलं.

त्यांनी चटणीच्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्या लाल तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं.

"लांब बसा अजून," त्या म्हणाल्या, आणि उठून दवाखान्याच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.

रोख जमलं होतं ते आणि माझ्याकडचं होतं नव्हतं ते घेऊन मी दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राहिलो. रिकामे सिलिंडर घेतलेली माणसं रस्त्यावर ओळीने बसली होती. काही सिलिंडरला टेकून झोपली होती. रांगेत माझ्यामागे एतेल्विनाआजीचा मुलगा होता, मेव्हण्यासाठी आलेला, हातात गुलाबी तिकिटांचे पैसे. त्याच दोघा-तिघा बिनआजारी घरांनी त्यालाही दिलेले आणि आम्हालाही. दर सकाळचा वेगळा होता आणि दुपारचा वेगळा. माझा नंबर यायला थोडा अवकाश होता तेव्हा रोसमेरीचा फोन आला.

"मास्तर, परत या," ती म्हणाली. "उन्हात उभे राहू नका."

तिने तेवढंच सांगितलं. मी माझी जागा मागच्या मुलाला दिली, आणि खिशातले पैसेही. ते पैसे तरी पुरले का, ते मी त्याला नंतर विचारलं नाही. आजीच्या दाराला आठवड्याने दुखवट्याची काळी रिबन लागली, तेव्हा विचारायचं कारणही राहिलं नाही.

कोपऱ्यावरच्या सुताराने सेगुंदोची शवपेटी केली. स्वतः तापात होता, तरी केली. पैसे नंतर द्या म्हणाला. आणि पक्का दुकानदार तो, त्याच्याकडे बिलबुक होतं. शिक्काही होता. रोसमेरीने ते बिल मदतीच्या अर्जाला जोडलं. अर्केलाओसाहेबांनी त्याच दिवशी मंजुरी दिली.

"बघा," ते फोनवर म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटत होतं. "कागद नीट असला की आपल्याकडे काही अडत नाही." मागे कोंबडा आरवला.

फक्त निल्दाबाईंचा शिक्का राहिला होता. मी अर्ज घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी गेलो. मध्ये दहा-बारा दिवस गेले होते. त्या खुर्चीत बसल्या होत्या, कोट अंगावर, आणि आता खालचं बटण लागत होतं. खिडकीच्या गजांतून मी कागद आत सरकवला. कपाटाचं दार उघडं होतं. केळ्यांचे कप्पे रिकामे होते.

"जेवलात का?" मी विचारलं.

त्यांनी अर्ज वाचला. गरज खरी आहे, असं छापलं होतं त्याखाली शिक्का ठेवला, दोन्ही हातांनी दाबला, कारण एका हातात जोर नव्हता. मग दम खात बसल्या. दारामागच्या तारेला आम्ही बदलून घेतलेली तिकिटं लटकत होती, गुलाबी, निळी, पिवळी. त्यातल्या बऱ्याच पोयादा झाल्याच नाहीत. ज्यांच्यासाठी ठेवायच्या ती माणसंच उरली नाहीत.

माझ्यासारख्या माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही, त्यातून हे सगळं सुरू झालं होतं.

"मनाला लावून घेऊ नका," मी म्हणालो. "आपण काय कमी केलं? सूचना दिल्या, साबण वाटला, दारोदार हिंडलो, कोंबड्या तळल्या, रांगेत उभे राहिलो. सांगा बरं, आपल्या हातून करायचं राहिलं तरी काय?"

निल्दाबाईंनी अर्ज गजांतून बाहेर सरकवला.

"सिलिंडर आणायचा राहिला."